पलंग काढलेल्या खोलीत घोड्यांची चित्रं

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ग्रेट फॉल्स नावाचं गाव आहे, मिसुरी नदीच्या काठावर, वारा इतका की गाडीचं दार उघडताना हाताने धरून ठेवावं लागतं. या गावात दरवर्षी मार्चमध्ये वेस्टर्न आर्ट वीक असतो, म्हणजे काऊबॉय, घोडे, रँच (गुरांचे मोठे मळे) अशा चित्रांचा आठवडा. चार्ली रसेल हा इथला लाडका चित्रकार, त्याचा जन्म १९ मार्च १८६४ चा, म्हणून त्या तारखेच्या आसपासचा आठवडा. गावभर वेगवेगळे शो लागतात आणि त्यातला मला सगळ्यात भारी वाटलेला प्रकार म्हणजे हॉटेलातला शो. हॉटेलवाले खोल्यांमधले पलंग बाहेर काढतात आणि एकेक खोली एकेका चित्रकाराला भाड्याने देतात. दिवसा ती खोली म्हणजे तुमची गॅलरी, रात्री दार लावून तिथेच कोपऱ्यात गादी टाकून झोपायचं, टर्पेंटाइनच्या वासात. लोक कॉरिडॉरमधून फिरत एकेका खोलीत डोकावतात, बघतात, विकत घेतात किंवा पुढे जातात. मी तिथे माझी ऑइल पेंटिंग्ज लावली त्याची ही गोष्ट, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय.

मी मूळची कोल्हापूरची, आता मोंटानातल्याच बिलिंग्जला राहते. नवरा फिजिओथेरपिस्ट, त्याची इथे नोकरी, म्हणून आलो. काऊबॉय, घोडे, गुरं, बर्फातली रँच, काटेरी तारेची कुंपणं असलं काढते. हे सांगितलं की आपले लोक आधी हसतात आणि मग विचारतात, पण तू का? आई तर फोनवर अजून म्हणते, "घोडीच काढत बसणार हाईस व्हय गं, एखादा गणपती काढ की, कुणीबी घेईल." आईचं मार्केटिंग तसं बरोबर आहे.

घोडे मात्र माझ्याकडे पप्पांकडून आले. पप्पा बोर्ड पेंटर होते. फ्लेक्स यायच्या आधी शिवजयंतीचे मोठे बोर्ड हाताने रंगवायचे, त्यात महाराज घोड्यावर आणि मागे मावळे हे ठरलेलं, त्यामुळे घरात घोड्यांची स्केचेस कायम पडलेली असायची. त्यांचा एक नियम होता, घोड्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते आधी ठरव, मग बाकीचं काढ. इथे आल्यावर मोंटानाच्या रँचवर पहिल्यांदा घोडे जवळून बघितले तेव्हा डोक्यात हेच वाक्य.

आपण कोण हे काढणारे, हा प्रश्न मलाही पडायचाच. मग वाचत गेले तर गंमतच. १८३० च्या दशकात मिसुरीतून वर येऊन इथल्या लोकांची इतकी बारीक वॉटरकलर्स करणारा कार्ल बोडमर स्विस. रॉकी पर्वताचे ते भव्य देखावे काढणारा बिअरस्टाट जर्मनीत जन्मलेला. थॉमस मोरान इंग्लंडचा, त्याचं यलोस्टोनच्या दरीचं पेंटिंग अमेरिकन काँग्रेसने १८७२ मध्ये १० हजार डॉलरला घेतलं, त्याच वर्षी यलोस्टोन नॅशनल पार्क झालं. काऊबॉय काढणारा रेमिंग्टन न्यूयॉर्क राज्यातला. आणि ज्याच्या नावाने हा आठवडा भरतो तो रसेल पण सेंट लुइसच्या खात्यापित्या घरातला, १८८० मध्ये सोळाव्या वर्षी इथे आला आणि पुढे रात्री घोडे राखायच्या नोकरीला लागला. म्हणजे जवळपास सगळेच बाहेरून आलेले. इथले मूळचे लोक तर आधीपासून कातड्यावर आणि नंतर हिशोबाच्या वह्यांच्या पानांवर आपली चित्रं काढत होते, ती अफाट आहेत, पण मार्केटमध्ये वेस्टर्न आर्ट म्हणून बराच काळ जे चाललं ते या बाहेरच्यांचं. एवढं कळल्यावर जरा धीर आला. पण रसेलकडे एक गोष्ट होती, तो अकरा वर्षं गुरांमागे फिरला होता. ती गोष्ट विकत मिळत नाही.

म्हणून आधी बघायला लागले. नवऱ्याच्या ओळखीतून एका रँचवाल्या आजी-आजोबांकडे जाणं-येणं सुरू झालं. आजोबा फार बोलत नाहीत, आजी सगळं सांगतात. फेब्रुवारी ते एप्रिल वासरं जन्मतात, तेही बर्फात, रात्री दर काही तासांनी उठून बॅटरी घेऊन बघायला जायचं. मेमध्ये ब्रँडिंग, म्हणजे वासरांना मालकाच्या खुणेचा डाग देणं, तेव्हा आजूबाजूच्या रँचचे सगळे घोडे घेऊन मदतीला येतात, घोड्यावरून फास टाकून वासराचे मागचे पाय धरतात आणि ओढत शेकोटीपर्यंत आणतात, तिथे डाग, लस, खच्चीकरण सगळं मिनिटभरात. आपल्याकडच्या सुगीच्या इर्जिकीसारखंच, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे. मी कुंपणावर बसून स्केचबुक भरत राहायचे. धूळ, केस जळाल्याचा वास, वासरांचा आरडाओरडा, आणि त्यात घोडा मात्र शांत, दोर ताणून उभा. शिवाय बिलिंग्जला ऑक्टोबरमध्ये नाइल नावाचं मोठं पशुप्रदर्शन आणि रोडिओ (काऊबॉयांचे खेळ) असतो, तिथे घोडे उभ्या उभ्या झोपलेले असतात तेव्हा स्केच करायला मिळतात, त्यासारखं मॉडेल नाही.

आता फॉर्मचं. हॉटेलच्या शोलाही अर्ज करावा लागतो, पेंटिंग्जचे फोटो, स्टेटमेंट, थोडी फी, आणि ज्युरी निवडते. माझ्या फॉर्ममध्ये स्वच्छ लिहिलं होतं की काम ओरिजिनल पाहिजे, रेफरन्स फोटो स्वतःचे पाहिजेत, प्रिंट असेल तर तसं लिहा. पहिल्या वेळी नाही झालं निवड, दुसऱ्या वेळी वेटिंग लिस्टवरून एक खोली मिळाली कारण कुणीतरी गळलं. ओळख लिहिताना मी "इंडियन आर्टिस्ट" असं कुठेही लिहिलं नाही. इथे १९९० चा एक कायदा आहे, मान्यताप्राप्त आदिवासी जमातीचे नसताना माल इंडियन लोकांनी (म्हणजे इथल्या मूळच्या जमातींनी, इथे इंडियन त्यांनाही म्हणतात) बनवलाय असं भासवून विकणं हा गुन्हा आहे, दंडही मोठा. वेस्टर्न शोमध्ये माझ्यासारखा चेहरा आणि खाली तो शब्द म्हणजे नसता घोटाळा. कोल्हापूर, महाराष्ट्र असं लिहिलं, आणि त्याचा फायदा असा झाला की प्रत्येक जण विचारायचा हे कुठे आलं, आणि बोलणं सुरू व्हायचं.

तयारीत सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची तर रंग सुकण्याची. ऑइल म्हणजे पाण्यासारखं उडून वाळण्याचा विषय नाहीच, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि थंडीत ते अजून हळू. माझी निम्मी चित्रं बर्फाची, बर्फाला लागतो टायटॅनियम व्हाइट, आणि तो तर सुकायला महाआळशी. गॅरेजमध्ये ठेवलं असतं तर मार्चपर्यंत ओलंच राहिलं असतं. मग अंडरपेंटिंग बर्न्ट अंबरमध्ये पातळ, तो पटकन सुकतो, वरच्या थरांत अल्किड मीडियम, म्हणजे रंग लवकर सुकवणारं मिश्रण, आणि सगळे कॅनव्हास बेसमेंटमध्ये बॉयलरच्या खोलीबाहेर भिंतीला तोंड करून. खाली पातळ आणि वर तेलकट हा क्रम सांभाळायचा, नाहीतर काही वर्षांनी तडे. फायनल वॉर्निशला सहा महिने तरी थांबायचं असं मला शिकवलंय, एवढा वेळ नव्हता, म्हणून रिटच वॉर्निशचा पातळ हात दिला, नुसता रंगांचा निस्तेजपणा जाईल एवढा.

आणि बर्फ. कोल्हापूरच्या माणसाला बर्फ रंगवायला सांगणं म्हणजे काय सांगू. पांढरा फार कमी असतो त्यात. इथे हिवाळ्यात सूर्य दिवसभर खालूनच चालतो, त्यामुळे सावल्या लांबच लांब, जांभळट निळ्या, आणि उजेडाच्या बाजूला बर्फ चक्क पिवळसर गुलाबी. संध्याकाळी चार-साडेचारला तो गुलाबी जेमतेम दहा मिनिटं टिकतो. मी गाडीत हीटर लावून, स्टिअरिंगवर पोशाद बॉक्स (रंग आणि ईझल एकत्र असलेली छोटी पेटी) टेकवून छोटे छोटे कलर स्टडी करायचे, बोटं गारठून ब्रश धरवत नाही तोपर्यंत. घरी येऊन त्यावरून मोठं. फोटोत तो निळा कधीच येत नाही, मोबाइल सगळं सरसकट राखाडी करून टाकतो.

फ्रेमिंगबद्दल लिहिलंच पाहिजे कारण पैसे तिथे जातात. या मार्केटमध्ये फ्रेमशिवाय चित्र म्हणजे अर्धवट कपडे घालून लग्नाला आल्यासारखं बघतात. रुंद, गडद लाकडी किंवा जुन्या सोनेरी रंगाच्या फ्रेमा, आत कापडाचा लायनर, मागे डी रिंग आणि वायर. काही फ्रेमा मी एका ठिकाणाहून ऑनलाइन मागवल्या, दोन कोपरे फुटलेले आले, त्यांनी फोटो मागवले, मेल मागवले, आणि पैसे परत दिले शो झाल्यावर. किंमतीसाठी बहुतेक जण चौरस इंचाचा हिशोब लावतात, मी ४ डॉलरने धरला, म्हणजे १२ बाय १६ ची १९२ चौरस इंच, ७६८ डॉलर आणि वर फ्रेमचा खर्च. १८ बाय २४ तशीच १७२८ आणि फ्रेम. मोंटानात सेल्स टॅक्स नाही, तेवढं एक गणित कमी. गॅलरीत लावलं तर ४० ते ५० टक्के कमिशन जातं, इथे खोलीचं भाडं भरलं की विकलं ते तुमचं, पण किंमत मात्र गॅलरीएवढीच ठेवावी लागते, नाहीतर उद्या गॅलरीवाला तुम्हाला दारात उभं करत नाही.

बिलिंग्जहून ग्रेट फॉल्स साडेतीन-चार तास. रस्ता जुडिथ गॅपवरून जातो, तिथे पवनचक्क्या उगीच नाही लावलेल्या, भाड्याची व्हॅन लेनमधून सरकत होती आणि मागे फ्रेमांमध्ये पुठ्ठे, चादरी, आमची दुलई, सगळं कोंबलेलं. त्यानंतर जुडिथ बेसिन लागतं, म्हणजे रसेल जिथे गुरांमागे होता तोच भाग. १८८६-८७ चा हिवाळा इथल्या मोकळ्या रानात चरणाऱ्या गुरांचा काळ ठरला, बर्फ जरा वितळून पुन्हा गोठला आणि कडक थर बसला, खाली गवत असून तोंड पोचेना, लाखो गुरं मेली. मालकाने विचारलं गुरं कशी आहेत, तर रसेलने उत्तरादाखल पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकच मरायला टेकलेली गाय काढली, आजूबाजूला लांडगे. त्या छोट्या चित्राने त्याचं नाव झालं. चित्राचं नाव वेटिंग फॉर अ शिनूक. शिनूक म्हणजे रॉकीवरून उतरणारा गरम वारा, तो सुटला की काही तासांत बर्फ वितळतो. ग्रेट फॉल्सच्या ईशान्येला लोमा गावात जानेवारी १९७२ मध्ये २४ तासांत तापमान १०३ फॅरनहाइटने वाढलं होतं, उणे ५४ वरून अधिक ४९. आम्ही निघालो तेव्हा बर्फाचे ढीग होते, शोच्या दुसऱ्या दिवशी गटारं वाहत होती. नवरा टीशर्टवर पार्किंगमध्ये उभा.

खोली हातात आली तेव्हा पलंग गेलेले, पण त्यांच्या डोक्याकडच्या फळ्या भिंतीला तशाच, टीव्ही तसाच, आणि गालिच्यावर पलंगाच्या पायांचे खड्डे. भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळे स्वतःचे पॅनल न्यावे लागतात, आम्ही जाळीचे पॅनल गडद राखाडी कापडाने झाकून नेले होते, टीव्ही एका पॅनलमागे गेला. हॉटेलचे दिवे पिवळेजर्द, त्याखाली माझा निळा बर्फ चिखलासारखा दिसत होता. आम्ही पांढऱ्या उजेडाचे, ४००० केल्व्हिनचे एलईडी क्लिप लाइट नेले होते, ते प्रत्येक चित्रावर एक. शेजारच्या खोलीतल्या ब्रॉन्झवाल्याने, म्हणजे ब्रॉन्झच्या मूर्ती करणाऱ्याने, जुने हॅलोजन लावले आणि दोन्ही खोल्यांचा फ्यूज गेला. त्याचा परिणाम असा की आमची लगेच मैत्री झाली, मेन्टेनन्सवाला येईपर्यंत अंधारात गप्पा, त्याने मला बीफ जर्की देऊ केलं, मी त्याला भडंग.

लावणीबद्दल त्याने एक सांगितलं ते सोन्यासारखं. दारातून दिसणाऱ्या भिंतीवर सगळ्यात मोठं चित्र लावायचं नाही. मोठं बघितलं की लोक दारातूनच मनात किंमत लावतात आणि पुढे जातात. मधल्या साइजचं, घोड्याचा डोळा दिसणारं चित्र लावायचं. लावलं. लोक आत यायला लागले.

आता मेन गोष्ट. येणाऱ्यांमध्ये कलेक्टर असतात, गॅलरीवाले असतात, पण सगळ्यात जास्त रँचवाले. टोपी, धुतलेली जीन्स, आणि हात पाठीमागे बांधून चित्राच्या इतक्या जवळ जातात की नाक लागेल. ते रंगलेपन बघत नाहीत. ते तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा बघतात, नीट आवळलाय का, खोगीर घोड्याच्या पाठीवर जिथे बसायला पाहिजे तिथे बसलंय का. रिकिबीत पाय किती आत आहे. लगामाचा कुठला प्रकार आहे आणि तो त्या वयाच्या घोड्याला शोभतो का. मग घोड्याचे मागचे पाय. मग गाईचा वंश. हे सगळं झालं की दोन पावलं मागे येऊन चित्र म्हणून बघतात. आमच्या कोल्हापुरात तालमीतले वस्ताद पैलवानाचं चित्र याच क्रमाने बघतात, म्हणून मला हे परीक्षक परके वाटलेच नाहीत.

माझं ब्रँडिंगचं एक चित्र होतं, १८ बाय २४, घोडेस्वाराने वासराचे मागचे पाय फासात धरलेत आणि दोराचे वेढे खोगिराच्या खुंटाला देतोय. एक सत्तरीचे गृहस्थ आले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अंगठा वर ठेवलाय तुम्ही."

मी म्हटलं, हो.

त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा निम्माच. दोराला वेढे देताना अंगठा मध्ये आला आणि वासराने हिसका मारला की जातो, इथे असे हात बरेच दिसतात. म्हणाले की चित्रकार हा हात नेहमी मुठीसारखा काढतात, मी बघून काढलंय हे कळलं. मग वेढे कुठल्या दिशेने दिलेत ते मोजले, घड्याळाच्या उलट्या दिशेने, बरोबर. त्यानंतर त्यांचं आणि मागून आलेल्या एका टेक्सासच्या माणसाचं जुंपलं. टेक्सासवाला म्हणे दोर खुंटाला आधीच पक्का बांधून ठेवायचा, हे वेढ्यांचं कॅलिफोर्नियाचं फॅड आहे, मेक्सिकन लोकांकडून घेतलेलं. ते गृहस्थ म्हणाले आमच्याकडे असंच, गाय विहिरीत पडली तर तुझ्या बांधलेल्या दोराने तू पण जाशील. माझ्या खोलीत उभे राहून दोघे अर्धा तास भांडले, आणि त्या भांडणाने कॉरिडॉरमधली माणसं आत ओढली. चित्र त्या दोघांपैकी कुणी घेतलं नाही, भांडण ऐकायला आलेल्या एका बाईंनी घेतलं. त्यांच्या नवऱ्याला वाढदिवसाला.

तिथे एक शब्द रुळलाय, बी बॅक. "आय विल बी बॅक" म्हणून जातात ते. शंभरातले किती येतात ते चित्रकारांना विचारा, हसतील. पहिल्या दिवशी मला प्रत्येक बी बॅक खरा वाटायचा, नवरा बाहेर जेवायला चल म्हणाला तर मी खोली सोडेना. शेजारचा ब्रॉन्झवाला म्हणाला, जो खरंच घेणार असतो तो भिंतीचं माप विचारतो किंवा बायकोला फोन लावतो. अगदी खरं निघालं. घासाघीसही होते, पण आपल्यासारखी तोंडावर नाही, "रोख दिले तर काही फरक पडेल का" असं आडून. फ्रेमची किंमत थोडी सोडायची, चित्राची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

मूळच्या लोकांची चित्रं तुझ्याकडे का नाहीत, हे बऱ्याच जणांनी विचारलं. बिलिंग्जच्या शेजारीच क्रो जमातीचं रिझर्व्हेशन (त्यांच्यासाठी राखलेला प्रदेश) आहे, वायव्येला ब्लॅकफीट जमातीचं. अशी चित्रं विकली जातात, खूप विकली जातात, पिसांचा टोप आणि घोडा असला की विकल्याची लाल टिकली लागलीच. मी काढत नाही. क्रो फेअरला, म्हणजे क्रो लोकांच्या जत्रेला ऑगस्टमध्ये जाऊन आले, शेकडो तंबू, मण्यांचं काम केलेले घोड्यांचे साज, बघून डोळे फिरतात. पण तो प्रत्येक साज कुणाच्या तरी घरचा असतो, नक्षीला घराणं असतं, आणि मी ते अजून शिकलेले नाही. स्टुडिओत भाड्याचे कपडे घालून मॉडेल उभं करायचं, पोशाख एका जमातीचा आणि पादत्राणं दुसरीची, असं चालतं, आणि खरेदी करणाऱ्याला कळत नाही. जुने फोटो तरी सगळे भरवशाचे कुठे आहेत. एडवर्ड कर्टिसचा १९१० चा ब्लॅकफीट घरातला एक प्रसिद्ध फोटो आहे, दोन माणसं बसलीत आणि मध्ये एक गजराचं घड्याळ होतं, छापताना कर्टिसने ते पुसून टाकलं, कारण जुनं दिसायला पाहिजे. मला ते घड्याळच आवडतं. ज्या दिवशी कुणी क्रो माणूस मला आपल्या घरी बोलावून माझं चित्र काढ म्हणेल त्या दिवशी घड्याळासकट काढीन.

एका सकाळी नवऱ्याला खोलीत बसवून रसेल म्युझियमला जाऊन आले. शेजारीच त्याचं घर, १९०० चं, आणि १९०३ चा ओंडक्यांचा स्टुडिओ. ते ओंडके म्हणजे टेलिफोनचे खांब. आत खोगिरं, टोप्या, कातडी वस्तू तशाच टांगलेल्या, त्याच बघून तो काढायचा. पण मला जास्त कौतुक त्याच्या बायकोचं वाटतं, नॅन्सी. तिच्याआधी तो दारूच्या बिलाबदली चित्रं द्यायचा, गावातल्या मिंट सलूनच्या (इथे सलून म्हणजे दारूचा गुत्ता) भिंती त्याच्या चित्रांनी भरलेल्या होत्या. लग्न झालं १८९६ मध्ये आणि मग भाव ती ठरवायची, पत्रं ती लिहायची, शो ती लावायची. त्याला तिने सांगितलेले आकडे ऐकून लाज वाटायची म्हणे. सलूनमधला तो संग्रह नंतर टेक्सासला फोर्ट वर्थच्या एमन कार्टर नावाच्या संग्राहकाकडे गेला आणि आता तिथल्या म्युझियममध्ये आहे, ग्रेट फॉल्सच्या लोकांची ती जखम अजून ओली आहे, कुणालाही विचारा. खोलीत परत आले तर नवऱ्याने माझं छोटं चित्र पूर्ण किमतीला विकून ठेवलेलं, मी असते तर पन्नास डॉलर सोडले असते. तेव्हापासून भाव तोच सांगतो.

शनिवारी क्विक ड्रॉ. हे तुम्हाला आवडेल. हॉलमध्ये चित्रकारांचे ईझल गोल लावलेले, घंटा वाजली की एक तास, लोक हातात प्लेट घेऊन तुमच्या मानेमागे उभे, आणि तास संपला की ओल्या रंगातच फ्रेम लावून लगेच लिलाव. माझं नाव आलं तेव्हा पोटात गोळा. १२ बाय १६ चा बोर्ड घेतला, त्याला आधीच गेरूसारखा लालसर टोन देऊन ठेवला होता. विषय साधा, बर्फ पडताना शेपटी वाऱ्याकडे करून उभा असलेला एक घोडा. वाऱ्यात घोडे असेच उभे राहतात, तोंड लपवून. पहिली पंधरा मिनिटं मोठ्या चपट्या ब्रशने नुसते गडद आणि उजळ भाग, कान नाही, डोळा नाही. मागून एक बाई म्हणाल्या, "हे काय आहे?" दुसऱ्या म्हणाल्या, "पर्वत असेल." मी ऐकतेय आणि हात थांबवत नाही. पप्पांचं तेच, वजन कुठल्या पायावर, मागचा डावा पाय सैल सोडलेला, खुराचं टोक टेकलेलं, तो एक पाय बसला आणि मागे कुणीतरी "ओह" केलं. चाळीस मिनिटांनी आयाळीत बर्फ, नाइफने जाड पांढरा, आणि लालसर टोन पोटाखाली तसाच उघडा सोडला, त्यानेच ऊब आली. शेवटची पाच मिनिटं ब्रश खाली ठेवून हाताची घडी. हे मुद्दाम, नाहीतर मी खेळत बसून घालवते.

लिलाववाला जीभ न थांबवता बोलतो, गुरांच्या लिलावाचीच पट्टी, अर्धं मला कळलंच नाही. "फ्रॉम कोलापूर" एवढं कळलं. बोली माझ्या चौरस इंचाच्या भावाच्या पुढे गेली तेव्हा नवऱ्याने मला कोपर मारलं. ठरल्याप्रमाणे त्यातला वाटा आयोजकांना गेला. घेणाऱ्या जोडप्याला मी दोनदा बजावलं की आठ-दहा दिवस पुढे काही टेकवू नका, रंग ओला आहे. त्यांनी गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं, बेल्ट लावून. बाई स्वतः मागे बसल्या.

रविवारी दुपारपर्यंत पॅनल खाली. भाडं, व्हॅन, फ्रेमा, पेट्रोल वजा करून थोडे उरले, थोडेच, पण उरले. मोठं बर्फाचं चित्र परत आलं, त्याला एका गॅलरीने फोटो मागितलेत, बघू. शेजारच्या ब्रॉन्झवाल्याची वासराची छोटी मूर्ती आणि माझं घोड्याचं एक स्टडी अशी अदलाबदल केली, शेवटच्या दिवशी चित्रकार एकमेकांत हेच करत फिरतात.

आणि ते निम्म्या अंगठ्याचे गृहस्थ, ते खरंच बी बॅक निघाले. सामान भरत असताना आले, खिशातून फोटो काढला, त्यांचा म्हातारा घोडा, बकस्किन रंगाचा, म्हणजे पिवळसर अंग आणि काळी आयाळ, वय २७. याचं काढून द्याल का, म्हणाले, पण फोटोवरून नको, येऊन बघा, तो डाव्या पायावर जरा लंगडतो ते फोटोत दिसत नाही. अर्धे पैसे आधी अशी माझी पद्धत आहे ते सांगायला मी तोंड उघडेपर्यंत नवऱ्याने आकडा सांगून टाकला, गृहस्थांनी चेकबुक काढलं. मेमध्ये ब्रँडिंगच्या वेळी जायचं ठरलंय, सोबत जुने बूट आणायला सांगितलेत.